बंदर नसलेल्या गावाची निर्यात

भोपाळला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिलं तलावाचं विचारतात. तलाव मी पाहिला, पण रिक्षातून आणि अर्धाच. रिक्षावाला मान वळवून मला काहीतरी सांगत होता, आणि त्याने समोर बघावं म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो. सांची, भीमबेटका हे सगळं राहिलं. ज्यांना त्यासाठी जायचं असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी वर्णन वाचावं. मी एक कारखान्याची वसाहत, एम. पी. नगरमधली एक कचेरी आणि त्या दोहोंमधला रस्ता एवढंच नीट पाहून आलो.

मला ताईने बोलावलं होतं. मी पनवेलला राहतो आणि निवृत्त होईपर्यंत न्हावाशेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटकडे होतो. परदेशातून येणारा आणि परदेशी जाणारा माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हे आमचं काम. त्यामुळे कोणाचंही काही अडलं की ते मी सोडवावं अशी घरात समजूत आहे, मग ते गॅसचं कनेक्शन का असेना. ताई फोनवर म्हणाली, "नंदू, केतकीचा माल तिकडे परदेशात अडवलाय. तू कस्टमवाला. चार दिवस येऊन बघ जरा."

"माल कसला?"

"ते मला नाही सांगता येत. पेटीत भरत नाहीत एवढं खरं."

केतकी ही ताईची एकुलती एक मुलगी. तिचा कंप्युटरवरचा काहीतरी व्यवसाय आहे इतपत मला माहीत होतं. पेटीत न भरणारा माल कसा काय अडवतात, याची मला उत्सुकता वाटली. शिवाय पनवेलला माझ्यावाचून कोणाचं काही अडलेलं नव्हतं. मी तिकीट काढलं.

टाउनशिप

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, मूळचे नागपूरचे. इंजिनियर होऊन तरुणपणी भोपाळच्या सरकारी कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. वीज केंद्रांना लागणारी अजस्र यंत्रं त्या कारखान्यात बनतात. यंत्रं जेवढी मोठी तेवढीच त्यांची वसाहतही मोठी. शहरातून टाउनशिपमध्ये शिरलं की हॉर्न मागे राहतात. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याला खाली गेरूचा आणि वर चुन्याचा पट्टा. आमच्या पनवेलला झाड दिसलं की कोणीतरी त्याला क्लासची पाटी ठोकतं. इथे झाडांना गणवेश आहे.

क्वार्टर हुद्द्याप्रमाणे लहानमोठे. कोण कुठल्या टाइपच्या क्वार्टरमध्ये राहतो हे सांगितलं की त्याची निम्मी ओळख झाली असं मानतात. खरं तर निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडायचं असतं, पण आता राहायला माणसंच कमी पडतात, म्हणून जुन्या लोकांना ते भाड्याने ठेवून घेता येतं. भाऊजींनी ठेवून घेतलंय. त्यांच्या ओळीतली बरीच घरं बंद आहेत. जी उघडी आहेत त्यांत दोन-दोन माणसं, सगळी सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर समुद्रापार.

मी पोचलो तेव्हा ताई अंगणात कढीपत्ता तोडत होती. ते झाड आमच्या पनवेलच्या परसातलं. लग्नानंतर पहिल्या माहेरपणाहून परतताना तिने रोप मांडीवर ठेवून रेल्वेने नेलं होतं. आता ते छपराच्या वर गेलंय आणि भाऊजींनी त्यालाही गेरू-चुना फासलाय.

"या ओळीत मूल जवळ असलेलं घर आमचं एकच," पानं ओट्यावर टाकत ताई म्हणाली. "आता तेही जातंय की काय, ते तुला बघायचंय."

"केतकी जायचं म्हणतेय?"

"ती म्हणत नाही. तिला जावं लागेल म्हणतेय. तेच तर मला कळत नाही. गुन्हा काय केला पोरीने?"

केतकी आली आणि तिने मला समजावून सांगितलं. चहाबरोबर चकल्या होत्या, त्यामुळे ऐकायला सोपं गेलं. वीज केंद्रातलं यंत्र फिरताना थरथरतं. धडधाकट यंत्राची थरथर वेगळी, बिघडू लागलेल्याची वेगळी. यंत्रावर बसवलेले सेन्सर ही थरथर टिपतात, ती इंटरनेटवरून भोपाळला येते, आणि केतकीची माणसं ती पाहून कळवतात की अमुक बेअरिंग जायला आलंय, तमुक ठिकाणी तेल पोचत नाही. गिऱ्हाईक म्हणजे एका परदेशातली वीज कंपनी. देशाचं नाव लिहू नकोस, असं केतकीने मला बजावलंय. गेली काही वर्षं हे सुरळीत चाललं होतं. ना जहाज, ना ट्रक, ना गोदाम. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावातून निर्यात होत होती आणि मला, बंदरावर जन्म काढलेल्या माणसाला, तिचा पत्ता नव्हता.

"आता त्यांनी नवा कायदा केलाय, मामा. वीज केंद्रांचा डेटा देशाबाहेर जायचा नाही. थोड्या दिवसांत लागू होतोय."

"ड्यूटी किती?" मी विचारलं.

"ड्यूटी नाहीये. तोच तर प्रॉब्लेम आहे. असती तर भरली असती ना."

माझ्या लेखी अडथळा म्हणजे पैसे. ते कमीजास्त असतात, कधी अन्याय्य असतात, पण भरले की गेट उघडतं. इथे घेणारा राजी, देणारा राजी, भाव ठरलेला, आणि भरायला काही नाही. मालाला जायची वाटच नाही.

"मग कंपनी काय म्हणते?"

"म्हणते, डेटा येऊ शकत नाही तर तू ये. तीन वर्षांचं काँट्रॅक्ट. तिथेच बसून बघायचं." केतकी चकलीचा तुकडा बशीत फिरवत होती. "माझा पार्टनर इमरान आणि बाकीचे इथली साखर कारखान्यांची कामं सांभाळतील, ऑफिस चालू राहील. प्रश्न माझाच आहे. मी याच्यासाठी तर हे काम काढलं होतं, मामा. मतलब, काम जाईल आणि मी इथे राहीन."

हे तिने सहज म्हटलं, पण मला ते पटकन उमगलं. ज्यांचं शिक्षण केतकीएवढं झालं ती टाउनशिपची सगळी मुलं कामामागे गेली. तिने काम स्वतः न जाता पाठवायची युक्ती शोधली होती. आता त्या देशाने काम अडवलं, म्हणजे जायला उरलं माणूस.

नव्या कायद्यात एक मार्ग शिल्लक होता. बंद खोली. माहिती तिकडेच राहणार, भोपाळच्या एका कुलूपबंद खोलीत फक्त पडद्यावर दिसणार. नेमून दिलेल्या दोन माणसांशिवाय तिसऱ्याने ती पाहायची नाही. त्यांचा निरीक्षक व्हिडिओवरून खोली तपासेल. खोली पसंत पडली तर केतकीने भोपाळमध्येच बसून काम करायचं. तपासणी परवावर आली होती.

"इन्स्पेक्शन आहे म्हणा की," भाऊजी इतका वेळ पेपर वाचत होते, ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम जोर आला. "मग काय चिंता करून राहिली तू? इन्स्पेक्शन तर आमचा विषय आहे."

बाक

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी मला फिरायला नेलं. फिरणं म्हणजे मैदानाला अर्धी फेरी आणि मग बाक. बाकावर त्यांचे कारखान्यातले जुने सोबती जमतात. त्यांच्यात शर्माजी म्हणून एक उंच गृहस्थ सगळ्यांत वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्यामुळे बाकाची मधली जागा त्यांची. कोपऱ्यावरून चहा आला. मी मोठा घोट घेतला आणि तो खारट निघाला. दूध नासलंय असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात शर्माजींनी आनंदाने सांगितलं, "नमक है, भाईसाहब. भोपाल में चाय में चुटकीभर डालते हैं." तिसऱ्या दिवशी मला तो चहा आवडू लागला. पनवेलला परतल्यावर एकदा घरी करून पाहिला, तेव्हा मात्र सगळा ओतून द्यावा लागला.

बाकाचं खरं काम मला त्या दिवशी कळलं. एखाद्या यंत्राचं दुखणं केतकीच्या कचेरीला उमगलं नाही की ती त्या थरथरीचा आवाज करून फोनवर घेते आणि सकाळी बाकावर आणते. त्या दिवशीही ती ऑफिसला जाता जाता थांबली. फोन बाकाच्या मधोमध ठेवला. त्यातून एक घरघर सुरू झाली, पीठगिरणीसारखी. माझ्या कानाला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होती. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. मग भाऊजी म्हणाले, "घासून राहिलं कुठेतरी." शर्माजी म्हणाले, "घिस नहीं रहा, ढीला है." त्यावर बराच वेळ जुंपली. मध्ये कोणीतरी जुन्या एका यंत्राची आठवण काढली, दुसऱ्याने त्यातली चूक दाखवली, आणि अखेर ढिलं आहे यावर सगळ्यांचं जमलं. केतकीने मान डोलावली आणि गेली. जाताना म्हणाली, "काका, हे शेवटचे काही दिवस हं. कायदा लागू झाला की आवाज बाहेर काढता येणार नाही."

"हो हो," सगळे म्हणाले. ते कायद्याचं ऐकतच नव्हते. भाऊजींनी इन्स्पेक्शनची बातमी सांगितली होती आणि त्यांचं लक्ष तिकडे होतं.

इथे वाचकांना इन्स्पेक्शन म्हणजे काय ते सांगायला हवं. टाउनशिपमध्ये हा शब्द उच्चारला की आधी चुना येतो. दिल्लीहून कोणी पाहणीला येणार असलं की झाडांना, दगडांना, कडेच्या विटांना नवा गेरू-चुना. आजूबाजूच्या घरांतल्या कुंड्या उसन्या आणून जिन्यावर मांडायच्या. दारात पुष्पगुच्छ. आधी पाणी, मग काजू, मग समोसा, मग काम. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे विभागातली झाडून सगळी बडी मंडळी ओळीने हजर पाहिजेत. कोणी नसलं तर पाहुण्याचा मान राहिला नाही असा अर्थ. भाऊजींनी हे मला इतक्या तपशिलाने सांगितलं की मला ते पटलं. आमच्या बंदरावर निरीक्षक आला की जो तो दिसेनासा व्हायचा.

एम. पी. नगर

दुपारी भाऊजी आणि मी कुंड्या घेऊन रिक्षाने निघालो. त्यातल्या दोन माझ्या मांडीवर होत्या. चार इमली नावाच्या वस्तीतल्या साहेबी बंगल्यांवरून जाताना भाऊजींनी तिथल्या कुंड्या न्याहाळल्या आणि आपल्या बऱ्या आहेत असं ठरवलं. एम. पी. नगर म्हणजे दुकानं, कचेऱ्या, वर्तमानपत्रं आणि कोचिंग क्लास. केतकीची कचेरी अशाच एका क्लासच्या वर. खाली मुलं सूत्रं घोकत होती, ती जिन्यात ऐकू येत होती.

बंद खोली पूर्वी क्लासची जुनी बाकडी ठेवायला वापरत. आता तिची खिडकी विटांनी बुजवली होती, दाराला कार्डाने उघडणारं कुलूप, बाहेर मोबाइल ठेवायची पेटी. कार्डं दोनच, एक केतकीचं, एक इमरानचं. इमरान तिचा धंद्यातला भागीदार, जुन्या भोपाळचा, बोलायला मोकळा. त्याने मला उंबऱ्यापर्यंत नेलं आणि थांबवलं.

"बस मामाजी, इससे आगे अपन भी बिना कार्ड के नहीं जाते," तो म्हणाला. "मेरी अम्मी आ जाए तो भी बाहर ही बैठेंगी."

खोली मला आवडली. ड्यूटी भरेपर्यंत माल कस्टमच्या कुलपात ठेवतात त्या बाँडेड गोदामासारखी तिची शिस्त होती. पोरगी पास होणार असं मला मनापासून वाटलं, आणि तसं मी ताईला फोन करून सांगितलंही.

केतकीने कुंड्या पाहिल्या आणि हसली. "बाबा, कॅमेऱ्यात जिना चार सेकंद दिसणार आहे."

"चार सेकंद का होईना, दिसणार ना?"

"दिसू दे. पण उद्या इथे फक्त मी आणि इमरान. प्लीज. तुम्ही कोणी नाही."

"अगं, सीनियर लोक नसले तर समोरच्याला काय वाटेल?"

"बाबा."

"बरं बाप्पा, बरं," भाऊजी म्हणाले. केतकीला वाटलं विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं.

तपासणी

सकाळी भाऊजींनी कोट घातला तेव्हा मी विचारलं, कुठे. ते म्हणाले, "नुसतं खाली उभं राहू. मुलीला धीर येते." मी त्यांच्याबरोबर गेलो, कारण ताईने मला डोळ्यांनी तसं सांगितलं. एम. पी. नगरला उतरलो तर जिन्यापाशी अख्खा बाक उभा होता. इस्त्रीचे कपडे, एकाच्या गळ्यात जुना कंपनीचा टाय. शर्माजींच्या हातात झेंडूचा भलाथोरला गुच्छ, आणि मागे समोशांचे खोके.

केतकी वर लॅपटॉप उचलून रस्त्याकडच्या दारापासून दाखवायला सुरुवात करणार होती, आणि रस्त्याकडच्या दारात आम्ही होतो. ती लॅपटॉप समोर धरून जिना उतरली. पडद्यावर निरीक्षक म्हणून एक तरुण बाई होती, साधा सदरा, केस मागे बांधलेले, चेहरा शांत. शर्माजी पुढे झाले आणि त्यांनी गुच्छ पडद्याला दिला. म्हणजे पडद्यासमोर धरला आणि ती घेईल म्हणून थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

बाईंनी आभार मानले. मग इंग्रजीत विचारलं, हे सगळे कोण?

केतकी म्हणाली, "माझे वडील आणि त्यांचे मित्र. ते आता निघताहेत."

तेवढ्यावर थांबलं असतं. पण पाहुण्याने विचारल्यावर हुद्द्यासकट ओळख करून देणं हा इन्स्पेक्शनचा गाभा. शर्माजींनी एकेकाचं नाव, विभाग आणि नोकरीची वर्षं सांगितली. आणि शेवटी इंग्रजीतच अभिमानाने म्हणाले, "मॅडम, अवघड केस सगळ्या आमच्याकडेच येतात."

बाईंनी काहीतरी टिपलं. "तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"पार्कमध्ये," भाऊजी म्हणाले. "रोज सकाळी."

केतकीने डोळे मिटून घेतले. बाईंचा आवाज अजिबात चढला नाही, उलट त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, नवा नियम लागू झाल्यावर फक्त दोन माणसं हे पाहतील, बाकी कोणी नाही. तर काम तितकंच चांगलं होईल का?

या प्रश्नाला हो म्हणायचं होतं. जिन्यावरच्या कुंड्यांनाही ते कळलं असेल. पण भाऊजींनी आयुष्यात तांत्रिक प्रश्नाचं खोटं उत्तर दिलेलं नव्हतं. "नो मॅडम," ते म्हणाले. "दोघांचे कान पुरत नाहीत. वादावादी पाहिजे."

बाकाने एकमुखाने भाऊजींची री ओढली.

बाईंनी पुढचं पाहायचं नाकारलं. खोलीपर्यंत कॅमेरा गेलाच नाही. त्या सौजन्याने म्हणाल्या की खोली कशी आहे हा आता प्रश्न उरत नाही. काम खोलीत होत नाही, आणि ते खोलीत होऊ शकतं असं त्यांना लिहिता येणार नाही. त्या निरोप घेत होत्या तेव्हा शर्माजींनी सवयीने म्हटलं, "मैडम, नाश्ता तो लीजिए." पडदा काळा झाला.

खाली क्लासमध्ये सूत्रं चालूच होती. इमरानने खोके उचलले आणि म्हणाला, "खा लो साहब लोग, ठंडे हो रहे हैं." आम्ही जिन्यात उभ्याने समोसे खाल्ले. केतकी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वडिलांच्या कोटावर पडलेली झेंडूची पाकळी झटकली आणि वर गेली. मला फार वाईट वाटलं, आणि राग कोणाचा करावा ते समजेना. बाईंचं चुकलं नव्हतं. भाऊजी खरं बोलले होते.

गेस्ट हाऊस

त्या दिवशी भाऊजी जेवले आणि खोलीत जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी बाकावर गेले नाहीत. उन्हं उतरल्यावर मात्र मला म्हणाले, "चला नंदूभाऊ," आणि टाउनशिपच्या एका टोकाला घेऊन गेले. तिथे कारखान्याचं गेस्ट हाऊस आहे. बैठी इमारत, लांब व्हरांडा, निम्म्या खोल्यांना कुलपं. आम्ही पायरीवर बसलो.

"मी नवीन लागलो होतो तेव्हा इथे एक परदेशी इंजिनियर राहायचा," ते म्हणाले. "यंत्राचं डिझाइन त्यांचं. त्यांना ते तिकडून बनवून पाठवायचं होतं. आपल्या सरकारनं म्हटलं, तयार यंत्र आम्ही येऊ देत नाही. विकायचं असेल तर माणूस पाठवा, इथे बसा, इथे बनवा, इथल्या पोरांना शिकवा."

"तेव्हा ड्यूटीही जबर होती," मी म्हणालो. एवढं मला माहीत होतं.

"ड्यूटी, लायसन, सगळं होतं. भिंतच होती. त्या भिंतीच्या आत हा कारखाना उभा राहिला, ही टाउनशिप. त्या माणसानं मला यंत्राला कान लावायला शिकवलं. मी केतकीला शिकवलं." त्यांनी कुलपांकडे पाहिलं. "मग त्या बाईच्या देशानं तीच अट घातली तर मी तिला चूक कसं म्हणू?"

मी म्हटलं, चूक नसली तरी जाच होतोच.

"होते ना. त्यालाही झाला असन." भाऊजी म्हणाले. "रविवारी आमच्याकडे पोहे खायला यायचा. पहिले कित्येक महिने कढीपत्ता बशीच्या काठाला काढून ठेवायचा. नंतर चावून खाऊ लागला. त्याची म्हातारी आई तिकडे एकटी होती. सांगायचा तो. आम्ही ऐकायचो आणि आणखी पोहे वाढायचो. आता त्या म्हातारीच्या जागी आम्ही आहोत."

कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटली तरी रस्त्यावर पूर्वीसारख्या सायकलींची रांग काही दिसली नाही. आम्ही घरी आलो.

परत

माझ्या निघायच्या दिवशी सकाळी पोहे होते. भोपाळात पोह्यांबरोबर जिलेबी लागते आणि वरून शेव. ताई दोन्ही आणते, पण स्वतः मात्र खोबरं-कोथिंबीर घालूनच खाते. केतकी खाली मान घालून खात होती. भाऊजी म्हणाले, "जा तू."

तिने वर पाहिलं.

"कंपनीला कळव. तीन वर्षं कशी जातात ते समजत नाही."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही इथेच आहोत. क्वार्टर भाड्याने आहे, काढत नाहीत." मग म्हणाले, "फोन कर रोज. पण तिथून यंत्राचे आवाज पाठवू नको. बाक विचारेल, मी नाही म्हणून सांगेन. नियम म्हणजे नियम."

केतकी रडली. भाऊजींनी तिच्या बशीत जिलेबी वाढली, ती तशीच राहिली. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मी या सगळ्यासाठी आलो होतो आणि माझा काही उपयोग झाला नव्हता. बंदरावरच्या एवढ्या वर्षांतलं एकही ज्ञान इथे लागू पडलं नाही.

सगळं आवरल्यावर ताई माझ्यापाशी आली. तिच्या परातीत जाड पोह्यांची पिशवी, गोडा मसाला, मेतकूट, लिंबाच्या लोणच्याची बरणी, आणि वर ताजा तोडलेला कढीपत्ता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. केतकी जायला अजून महिना होता.

"नंदू," ती म्हणाली, "यातलं काय काय कस्टममध्ये अडवतील?"

हे मला येत होतं. मी एकेक वस्तू हातात घेऊन सांगितलं. पोहे जातील, दुकानातलं सीलबंद पाकीट घे. मसाला, मेतकूट जाईल, विचारलं तर लपवायचं नाही, सांगून टाकायचं. लोणच्याचं त्या देशावर अवलंबून, मी विचारून कळवतो. मग फडकं उरलं.

"हा नाही जाणार, ताई. झाडाचा ताजा पाला कुठेच सोडत नाहीत."

"वाळवून?"

"वाळवलेलाही काढून घेतील."

"दंड भरला तर?"

"दंड घेतील आणि पालाही टाकून देतील."

ताईने फडकं उलगडून पानांकडे पाहिलं. मग ते परत दुमडलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी सामान बांधायला लागलो.

इटारसी गेल्यावर मी ताईने दिलेला डबा उघडला. पोह्यांपेक्षा कढीपत्ता जास्त होता. मी एकही पान काठाला काढलं नाही.